मागचा भात

डंडीच्या दवाखान्यात मॉराग नावाच्या नर्सने
तीन महिन्यांची साखर एका आकड्यात वाचून दाखवली
आणि हवेतच हाताने ताटाचे भाग पाडले:
अर्धं हिरवं, पाव भाग मासे नाहीतर अंडी,
उरलेल्या पावात काय, ते सांगितलं नाही.
ती खांदे उडवून हसली. आम्हीही हसलो,
घरी येईपर्यंत.

त्या दिवसापासून कुकर ओट्याखाली गेला.
शिट्टी नाही, त्यामुळे साडेसात कधी वाजतात कळेना.
तांदळाचा डबा मी शेजारच्या आयलाला दिला.
तिने विचारलं, सगळा?
सगळा, म्हटलं.
वाटीभर मागे ठेवला, हे नाही सांगितलं.

पहिला आठवडा वाईट गेला.
मुकुंदा जेवून उठायचा आणि फ्रिज उघडून उभा राहायचा
त्या पिवळट उजेडात, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.
"जेवलो, पण जेवण झालं नाही," म्हणायचा.
मी फ्लॉवर किसून परतला, जिरं घातलं,
ताटात मूद पाडली, वर तूप.
त्याने एक घास घेतला आणि फार सभ्यपणे म्हणाला,
"भाजी छान झालीय."

मग हळूहळू हात बसला.
ब्रॉटी फेरीचा मासेवाला सकाळी बांगडे देतो,
देवगडच्यांहून लांबोडे,
पाठीवर नागमोडी रेघा, आपल्याकडच्यांना नसतात तशा.
हळद, तिखट, आगळ. खोबरेलात कुरकुरीत.
सोबत कोबी, दातांना काम उरेल इतकाच शिजवलेला,
जाड दही, भोपळ्याच्या बिया,
पालकात शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने.
पोळीच नाही म्हटल्यावर तूप ओढणार कुणाच्या पोळीवर?
सरळ भाजीवरच घेतो.

"आणि थांबा," मॉराग म्हणाली होती, "वीस मिनिटं.
पोटाचा निरोप डोक्यापर्यंत पायी जातो."

म्हणून आम्ही थांबतो. ताटं समोर, हात खरकटे,
खिडकीत टे नदी, जूनमध्ये रात्री दहालाही उजेड.
पुलावरून एक गाडी फाइफकडे जाते, एक येते.
चाळीस वर्षांत ताटावर इतका वेळ कधी बसलो नव्हतो.
तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो आपणहून म्हणाला,
सांगलीच्या खानावळीत भाजी एकदाच मिळायची,
अंडं बुधवारी, त्याचे आठ आणे जास्तीचे.
भात मात्र लागेल तेवढा.
"भाऊ काटदरे उभे राहून बघायचे, कोण किती घेतो ते.
मी चार वेळा घ्यायचो.
पाचव्यांदा ते भातवाढी परातीवर आपटायचे."
मग बराच वेळ नदीकडे बघून:
"पोट भरलं हे मला पोटाने कधी सांगितलंच नाही गं.
भाऊंच्या भातवाढीने सांगितलं."

मी काही बोलले नाही.
भिजवून सोललेले बदाम पुढे केले.
त्याने दोन घेतले, एक परत ठेवला.

परवा आकडा उतरला. मॉरागने टाळी दिली.
रात्री आता फ्रिजचा दिवा लागत नाही.
तरी जेवण संपत येतं तेव्हा त्याचा उजवा हात
ताटात काहीतरी गोळा करत राहतो,
दह्याच्या ओल्या रेघेवरून चार बोटं फिरतात,
न वाढलेला मागचा भात कालवल्यासारखी.
मी बघते आणि बघत नाही.
उंच फळीवर, चहाच्या डब्यामागे, एक बरणी आहे.
आंबेमोहर. झाकण काढलं की वास येतो.
कधीकधी काढते. नुसतं काढते.

मग येऊन त्याला विचारते, भरलं?
"थांब," तो घड्याळाकडे बघत म्हणतो,
"अजून सहा मिनिटं आहेत."