बावीस मिनिटं

अक्कलकोट रोडच्या आमच्या टॉवेल कारखान्यात
सूचनापेटी लागली पाडव्याच्या आदल्या दिवशी.
कुलूप पितळी. किल्ली माझ्याकडे,
कारण हजेरी माझ्याकडे, चहाची कुपनं माझ्याकडे,
आणि ज्याचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं
ते सगळं माझ्याकडे.

एप्रिलभर पेटीतून निघालं ते असं:
तंबाखूची पुडी, रिकामी.
सिटी बसचं तिकीट.
एक चिठ्ठी: पंखा.
दुसरी चिठ्ठी, वेगळ्या अक्षरात: पंखा.

मग पुण्याहून एक गृहस्थ आले, हातात स्टॉपवॉच.
म्हणाले, रोज थोडं, रोज थोडं सुधारत जायचं.
मागाखाली आडवा झालेला इरण्णा जॉबर बोलला,
"मग तीस वर्षं आम्ही काय करायलोय?"
त्यानं पट्ट्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला
तेव्हापासून धोटा उडून कुणाला लागला नाही.
कुठल्या वहीत नाही ते.
माग खडखडत होते, ऐकलं फक्त मी.

गृहस्थांनी कांडी खात्यात वाकणं मोजलं.
जमिनीवरच्या क्रेटमधून कोन उचलायला
एका पाळीत एक बाई वाकते तीनशे चाळीस वेळा.
नरसव्वा बिटला? तीसुद्धा तीनशे चाळीस.
मी तसंच लिहून घेतलं.

तीनच्या सुमाराला चष्मा विसरला म्हणून परत गेलो.
बाहेर त्रेचाळीस, आत पत्र्याखाली विचारू नका.
नरसव्वाचा क्रेट खळीच्या पालथ्या डब्यावर,
कमरेइतका उंच.
पाठ ताठ, हात नुसता आडवा जातो, येतो.
मला बघितलं.
क्रेट खाली. वाकणं सुरू.

"अक्का, हे कधीपासून?"
"सहा वर्षं."
"मग सांगितलं का नाही?"
कांडी भरता भरताच बोलली,
अर्धं तेलुगू, अर्धं मराठी,
एकेक तार सुटी करून द्यावी तसं:
एकदा दिवाळीआधी जास्त भरल्या होत्या कांड्या.
मोठे मालक म्हणाले, वा, हात हलके झाले.
पुढच्या हप्त्याला किलोमागचा दर उतरला,
तिचा एकटीचा नव्हे, वीस जणींचा.
महिनाभर तिच्या डब्यातली शेंगाचटणी
कुणी खाल्ली नाही.

हिशेब मी केला. पाळीला बावीस मिनिटं वाचतात.
आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.
रजिस्टरात 'बचत' असा रकाना आहे,
आजवर कोराच होता.
पेन टेकवलं, तर ती म्हणाली,
"एवरिवि?"

तेलुगू मला कारखान्यापुरतं येतं.
कुणाची.

त्या रात्री पट्टी घेऊन मी शेजारी
आणखी एक रकाना आखला.
रेघ जरा तिरकी गेली.
नाव लिहिलं नाही. लिहिलं, कांडी खातं, एक कामगार.

धाकटे मालक शशिधर भले आहेत, शिकून आलेत.
वाचलं. तिरकी रेघ बोटानं चाचपली.
म्हणाले, "वर्षभर दराला हात लावणार नाही."
"लिहून द्या," मी म्हणालो,
आणि माझाच आवाज मला
मागाखालून आल्यासारखा वाटला.
पेनाचं टोपण उघडलं, लावलं, उघडलं.
शेवटी सही केली.
पेन्सिलीनं.

आता कांडी खात्यात एकोणीस क्रेट उंच आहेत.
लोखंडी स्टँड आलेत, हिरवा रंग दिलेले,
पुण्याच्या गृहस्थांनी फोटोही नेले.
विसावा, खिडकीजवळचा, अजून जमिनीवर असतो,
निदान मी जातो तेव्हा.

पेटीत परवा पुन्हा निघालं, पंखा.
पंखा बसवायला सांगितलाय.
आणि कांडी खात्याकडे वळताना
मी हल्ली दारापाशीच
जरा मोठ्यानं खोकतो.