बोट

या गावाचं नाव पूल.
पूल आहेत, दोन, बोटी आल्या की उघडणारे,
पण नाव त्यांच्यावरून पडलेलं नाही.
हे माहेरी फोनवर सांगून मी दमले.

निवृत्तीच्या पैशातून यांनी बोट घेतली,
साडेपाच मीटरची, जुनी, नव्वद घोड्यांची,
आणि मला न विचारता तिच्या कुशीवर माझं नाव रंगवून घेतलं.
विकणाऱ्याने जाताजाता विचारलं, चालवायला शिकलात?
हे हसले. तीस वर्षं गाडी चालवतोय.
म्हणून मीच दोघांची नावं शिकवणीला घातली.

मार्चमधला शनिवार, ऊन नुसतं दिसायला.
समोर टॅमसिन पार्डू,
जिच्या हनुवटीवर टाक्यांची जुनी खूण आहे
आणि जी तिच्याबद्दल काही सांगत नाही.
आधी तिने लाल दोरी दिली, जुन्या फोनच्या वायरीसारखी पिळाची.
एक टोक इंजिनाला, एक मांडीला.
चालवणारा उडाला की दोरी सुटते, इंजिन मरतं.
"नाहीतर बोट गोल फिरून परत येते," ती म्हणाली,
"तुमच्याकडेच."

मग जॅकेट. पट्टे मांड्यांमधून घ्यायचे म्हटल्यावर
हे लाजले.
मी कासोट्याच्या घरातली, मला कसलं नवल.
पट्टा सैल, तर जॅकेट तरंगतं
आणि माणूस खालून निसटतो.
आतली गॅसची बाटली हाताने पिळून बघायची.
आमची सैल निघाली.
फ्लेअरवरची तारीख निघाली दोन हजार सोळाची.
"चालतील की अजून," हे म्हणाले.
टॅमसिनने ते आंबलेल्या वरणासारखे
हात लांब करून बाजूला ठेवले.

दुपारी बॉबला पाण्यात टाकलं.
बॉब म्हणजे एक बादली, तिला बांधलेला फुगीर फेंडर.
माणूस पडला! माणूस पडला!
यांनी घाबरून चाक भलतीकडेच फिरवलं.
माझं काम एकच, बॉबकडे बोट दाखवायचं.
नजर हलवायची नाही. शिंक आली तरी.

लहानपणी वेलावरच्या कोवळ्या दुधीकडे बोट दाखवलं
की हातावर फटका बसायचा, दुधी सडतो म्हणून.
माणसांकडे तर नाहीच नाही.
इथे बोट खाली आलं की माणूस गेला.
एका लाटेवर तो नारळाएवढा,
पुढच्या लाटेवर नाहीच.
ब्राउनसी बेट मागून सरकलं, फेरी गेली,
खांदा भरून आला
आणि मी बोटीतून बोट दाखवत राहिले.

तिसऱ्या खेपेला यांनी वाऱ्याकडे तोंड करून
हळू आणली, इंजिन बंद केलं,
बादलीच्या कडीला धरून वर ओढताना म्हणाले,
"आलास रे बाबा."
मराठीतच.

शेवटी रेडिओ, बंद ठेवून, नुसता सराव.
मेडे तीनदा. मग बोटीचं नाव, तेही तीनदा.
हे अडले.
बत्तीस वर्षं मी "अगं" आहे, "ऐकलंस का" आहे.
टॅमसिन थांबली. खांबावर एक पाणकावळा
पंख पसरून वाळत बसला होता.
"इंदुमती," म्हणाले. "इंदुमती."
तिसऱ्यांदा जरा मोठ्याने.
मग अक्षरं सुटी करून,
इंडिया, नोव्हेंबर, डेल्टा, युनिफॉर्म...
नोव्हेंबरातच उतरले होते मी हीथ्रोला,
पायात चपला, अंगावर सुती साडी.
"काळजी नको," टॅमसिन म्हणाली, "कुणालाही ऐकू जात नाही."
मी पिशवीत उगाच काहीतरी शोधत राहिले.

परवा आमचे आम्ही निघालो.
नवे फ्लेअर, दोन जॅकेटं, पोळीभाजीचा डबा.
यांचा हात चावीवर, मान ताठ,
खाडी जशी काही यांच्या वडलांनी बांधलेली.
लाल दोरी खुंटीला लोंबत होती.
मी काही बोलले नाही.
बोट दाखवलं.