जाडं मीठ

वार्डोत पोस्ट ऑफिस आता उरलेलं नाही.
किराणा दुकानात, बटाट्यांच्या पोत्यांपलीकडे
एक खिडकी आहे, आणि तिच्यामागे मी.
कोणाला पत्रं येतात, कोणाला नुसती बिलं,
पाकीट उचललं की हाताला कळतं.

नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य बुडतो
तो जानेवारीतच वर येतो.
तो बुडाला की तोरब्योर्गबाई दोन किलो मीठ नेतात,
मासे खारवायचं, जाडं.
मासे त्यांनी वीस वर्षांत खारवलेले नाहीत.

एकदा त्यांच्याकडे बल्ब बदलायला गेलो, तेव्हा पाहिलं.
पाटावर चिकटपट्ट्यांनी ताणून बसवलेला कागद,
त्यावर रुंद ब्रशाने आधी नुसतं पाणी,
मग निळ्याचा एक थेंब,
आणि तो स्वतःच्या पायांनी चालत गेला.
पाट जरा कलता केला की आभाळ उजवीकडे वाहायचं.
बुडालेल्या बँकेचं जुनं कार्ड घेऊन
त्यांनी ओल्या रंगात चार उभे ओरखडे काढले :
बंदरातल्या डोलकाठ्या.
चंद्र टिश्यूच्या बोळ्याने टिपून घेतला.

मी विचारलं, आणि मीठ?
"थांब. ओल्यात टाकलंस तर विरघळून जातं,
वाळल्यावर टाकलंस तर नुसतं पडून राहतं.
कागदाची चमक मावळते ना, तेवढ्यातच."
वाकून, डोळा कागदाच्या पातळीला आणून
त्या बघत राहिल्या,
चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशा.
मग चिमूट सोडली.
एकेका खड्याने आपल्यापुरता रंग पिऊन घेतला
आणि तो बसला होता तिथे चांदणी उमटली.
माझा बल्ब बदलायचा राहूनच गेला.

दरसाल तेवीस कार्डं.
बावीस त्या गठ्ठ्याने सरकवतात.
तेविसावं वेगळं, हातातून सोडायला वेळ लागतो :
ऑशिल्ड, धाकटी बहीण, बर्गन.
वडिलांची होडीची शेड कोणी कोणाला न विचारता विकली,
यावरून बोलाचाली बंद.
गावाला दोन्ही बाजू पाठ आहेत,
मला तर तिसरीही.

जानेवारीत ते परत येतं.
पाकिटावर आडवा शिक्का : स्वीकारण्यास नकार.
नियमाने मी ते पाठवणाऱ्याला द्यायला हवं.
बाई विचारतात, "पोहोचलं असेल ना?"
मी म्हणतो, पोस्ट आहे, पोहोचतंच.
आणि पाकीट खिडकीखालच्या खणात टाकतो,
रबरबँडांच्या डब्यामागे.

सात जमली होती.
तळहाताने कितीही झाडलं तरी
चार-दोन खडे कागद सोडत नाहीत,
आणि मग प्रवासात कुठेतरी सुटतात.
गिऱ्हाईक नसलं की मी एखादं पाकीट
कानाशी धरून हलवायचो. खर्र. खर्र.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हे तर कोणी खाल्लेलंच नव्हतं,
मी कशाला जागत होतो कोण जाणे.

यंदा आठवं आलं.
तोच शिक्का, तसाच तिरका.
सवयीने हलवलं.
वाजलं नाही.
पुन्हा हलवलं.
दिव्याखाली धरलं तर
झाकणाच्या कडेला गोंद दोनदा लागलेला,
दुसऱ्यांदा जरा जास्तच,
ओघळून बाहेर आलेला.

त्या दुपारी अकरा मिनिटं ऊन पडलं होतं
आणि दुकानात सगळे त्याचंच बोलत होते.
बाई कॉफीचा पुडा घेऊन रांगेत.
मी काही न बोलता पाकीट खिडकीतून सरकवलं.
शिक्का त्यांनी वाचला.
मग पाकीट कानाशी नेलं.
मग लोकरी टोपी काढून दुसऱ्या कानाशी.
मागे ओइस्टाइन लिंबूपाण्याचा क्रेट घेऊन उभा,
या पायावरून त्या पायावर.

बाईंनी पाकीट उघडलं नाही.
कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, बटण लावलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"आणि बाकीची सात?"

खण दमटपणाने फुगला होता.
दोन हिसके द्यावे लागले.