मंगळवार, दहा ते बारा

वाचनालयातला मधला संगणक
मंगळवारी दहा ते बारा माझ्याकडे असतो.
त्याचं 'ई'चं बटण दाबलं की अडकतं,
आणि इंग्रजीत काम मागायचं तर
'ई' फार लागतो.

इद्वल प्रॉसर आला तो टोपी हातात धरून,
चॅपेलमध्ये शिरावं तसा.
एकतीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर.
भट्टी मार्चमध्ये थंड केली.
एका बोटानं त्यानं लिहिलं,
'कृपया, मला बंदराजवळ काम हवं आहे.'
कृपया. शोधयंत्राला.
मी ते पुसायला हवं होतं.
पुसलं नाही.

वरच्या चार ओळी सोड, म्हटलं,
त्या जागा पैसे मोजून घेतल्यात.
त्याखालच्या मध्यस्थांच्या,
एकाच नोकरीच्या सात सावल्या.
त्यांना फोन नंबर दिलास तर सकाळ-संध्याकाळ
भलत्या गावची भलती कामं दारात येऊन पडतील.
थेट कंपनीच्या घरी जायचं.
नाव अवतरणचिन्हांत धर, दोन्हीकडून,
चिमट्यात सळई धरतोस तसं.
आणि नको असेल त्या शब्दाआधी उणे.

'उणे?' त्यानं चष्मा वर केला.
'म्हणजे काढून टाकता येतं?'

उणे लंडन.
उणे पदवीधर.
थोडं थांबून, उणे रात्रपाळी.
मग माझ्याकडे न बघता आणखी एक शब्द,
तो मी वाचला नाही.
जग भराभर आटत गेलं.
उरले एकोणीस निकाल.

मध्येच त्यानं आईच्या भाषेत शोधून पाहिलं, ग्वाइथ.
वेल्शमध्ये ग्वाइथ म्हणजे काम,
आणि ग्वाइथ म्हणजे खेपही,
एक खेप, दोन खेपा.
यंत्रानं विचारलं, तुम्हाला दुसरंच काही म्हणायचंय का?
'नाही,' तो पडद्याला म्हणाला.

कंपन्यांच्या पानावर वरच्या बाजूला काही नसतं.
वर माणसं हसत असतात,
पांढरी हेल्मेटं, एकावरही ओरखडा नाही.
'यानं उलटं घातलंय,' इद्वल म्हणाला.
आपण तळाशी जायचं, अगदी तळाशी,
गोपनीयता आणि कुकीज यांच्या फटीत
मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं,
करिअर.

तिथे सापडली टगबोटवाल्यांची कंपनी.
दोरखंड सांभाळायला दोन माणसं हवीत.
पत्ता वाचून तो हसायलाच लागला.
हिरवं दार. त्याच्या घरापासून दुसरी गल्ली.
रोज कुत्र्याला घेऊन तो तिथूनच जातो,
आणि कुत्र्यानं त्या दाराचा मान
गेल्याच आठवड्यात राखला होता.
कळसा काखेतच होता,
वळसा मात्र अख्ख्या जगाला पडला.

बारा वाजले. तो टोपी घालून निघाला,
म्हणाला, आता दारच ठोठावतो की.

एकला परत आला.
आत एक मुलगी होती, भली मुलगी,
तिनं चहासुद्धा विचारला.
म्हणाली, वेबसाइटवर भरा.

माझी वेळ संपली होती. आम्ही बसलो.
नाव. जन्मसाल, त्यासाठी यादी खाली
बराच वेळ ओढावी लागली.
पोहता येतं का. येतं.
मग एक चौकोन, त्यावर लाल तारा,
म्हणजे रिकामा सोडता येत नाही.
'शेवटची नोकरी का सोडलीत?'

रेडिएटर टकटक करत होता.
त्याचं बोट बटणांवर हिंडलं, थांबलं,
पुन्हा हिंडलं.
'मी सोडली नाही,' एवढंच लिहिलं,
आणि 'ई' अडकला,
ओळीच्या शेवटापर्यंत ई ई ई ई ई,
लांबून ऐकू येणाऱ्या भोंग्यासारखा.

मी सगळे ई पुसले, एक ठेवला.
मागे कोणीतरी येऊन उभं होतं,
ओली छत्री, बगलेत कागदांची पिशवी.
म्हटलं, बसा. एक मिनिट.
हे पाठवू दे.