कायद्यापुरतं

व्हर्नाने स्क्रीन आमच्याकडे वळवली.
टेबलावर तिच्या आईने केलेले कोलाचे, जर्दाळूचे,
खिडकीबाहेर धान्याच्या कोठाराचा पांढरा सिलो,
ज्याच्या सावलीत आख्खं ऑर्ड गाव दुपारी गाड्या लावतं.

"हे कायद्यापुरतं," ती म्हणाली.
"नेब्रास्कात याहून कमी चालत नाही.
आणि हे त्याच्या वरचं.
महिन्याला एकतीस डॉलर जास्त."

टेसाने लगेच हिशोब केला :
एकतीस म्हणजे आइस्क्रीमच्या दुकानातले जवळजवळ तीन तास.
"अख्खी गाडी अठराशेची, बाबा.
बॉनेटवर गारांचे खड्डे, मागचं दार आतून उघडत नाही.
हिच्यासाठी एवढं कशाला?"

सोळा वर्षांची आहे. बरोबरच आहे तिचं.
मीही असंच विचारलं होतं, याच खुर्चीत.
तेव्हा समोर व्हर्नाचे वडील बसायचे
आणि मी त्यांना हसून म्हटलं होतं,
अंथरूण पाहून पाय पसरावेत.

दुसऱ्याचा पाय मोडला
तर कोणाचं अंथरूण पाहायचं,
हे त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.
की विचारलं, आणि मी घड्याळ बघत होतो?

ऑक्टोबर. मक्याची कापणी, हवेत भुसा,
मावळता सूर्य बरोबर काचेत.
खडीच्या दोन रस्त्यांची चौफुली, जिथे पाटी नाही,
कारण इथे सगळे सगळ्यांना ओळखतात.
ओपल सेडलाचेक अंडी घेऊन चालली होती.
सहा ट्रेमधलं एकही फुटलं नाही,
हे लोक अजून नवल म्हणून सांगतात.
तिच्या मांडीचं हाड तीन ठिकाणी.

हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा
उभी ताटं त्याच्या वाऱ्याने आडवी झाली.
कायद्यापुरतं जे होतं
ते लिंकनला पोचेपर्यंतच संपत आलं.
बाकीचं, टाके, स्क्रू,
पुन्हा चालायला शिकवणारी ती उंच बाई,
दोन हिवाळे गुरं सांभाळणारा पुतण्या,
सगळं कायद्याच्या पलीकडे,
आणि पलीकडे मी एकटाच उभा.

टेसाला वाटायचं, पहिल्या तारखेचा तो चेक
ट्रॅक्टरच्या कर्जाचा.
मी चेकबुक काढून मागच्या नोंदी दाखवल्या.
सेडलाचेक. सेडलाचेक. सेडलाचेक.
ती पाच वर्षांची होती तेव्हापासून.

"त्या काही म्हणतात?"

नाही. चेक वटतो.
एका नाताळात फक्त कार्ड आलं होतं :
पैसे मिळाले. गुडघा म्हणतोय, बर्फ पडणार.

पडलाही.

व्हर्ना उगाच कोलाचेची बशी सरळ करत राहिली.
टेसाने विचारलं, हळू, स्क्रीनकडेच बघत,
"म्हणजे वरचे पैसे गाडीसाठी नसतातच?"
"ते निराळं. तुझ्या गाडीला ते घेऊही नकोस."
"मग हे कोणासाठी?"
"अजून ठरलेलं नाही," व्हर्ना म्हणाली.
"देव करो आणि कधीच न ठरो."
मग जरा थांबून, धंद्याच्या आवाजात :
"आणि विमा नसलेला कोणी तुलाच येऊन धडकला तर,
त्याचीही रक्कम वाढवून घे. असले पुष्कळ आहेत."

वीस मी देतो, म्हटलं. अकरा तिचे.
तिची सही अजून शाळेतली, अक्षर न् अक्षर सुटं.

परतताना चौफुलीवर तिने गाडी थांबवली.
पाटी अजूनही नाही.
डावीकडून एक पिकअप आला, ओळखीचा नव्हता.
चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं,
इकडे उचलतात तसं,
आणि गेला.
टेसानेही उचललं, जरा उशिरा.

धूळ खाली बसेपर्यंत
आम्ही तिथेच थांबलो.