एकास पन्नास

सळ्या मोजून घेत नाही आम्ही, तोलून घेतो.
बारीक तीन भाग, जाड दोन.
लांबी सगळ्यांची दोन पेरांएवढी.
मिसळायच्या, आडव्या रचायच्या,
समोरून बघितलं की नुसती टोकंच टोकं:
ॲल्युमिनियमचा डोंगर, टेबलावर मावणारा.

खाली मधोमध वीस सेंटिमीटरची फळी.
तो बोगदा.
स्क्रू फिरवला की उतरते, केसाकेसानं.

हिरामात्सुसान रचतात. हातमोजे घालत नाहीत.
अठ्ठावीस वर्षं गिफूच्या डोंगरांत बोगदे खणले,
गुडघे गेले तेव्हा इथे आले, तळमजल्यावर,
माझ्या प्रबंधाचे डोंगर रचायला.
दिवसाला एक. संध्याकाळी मी तो पाडते.

पहिल्या दिवशी विचारलं त्यांनी,
"पाडणार तुम्हीच?"
त्यांच्या काळी बाईला बोगद्याच्या तोंडाशीही उभं करत नसत.
डोंगरात देवी असते, तिला दुसरी बाई खपत नाही.
मी म्हटलं, हा डोंगर पासष्ट किलोचा आहे.
"देवीला वजनाचं काय," म्हणाले,
आणि सळ्यांपुढे टोपणभर साके ठेवली.
मी ती वहीत नोंदवली नाही.

फळी एक मिलिमीटर उतरवली.
नवख्याला वाटतं, आता भार वाढणार.
तो घटतो. निम्म्याहून खाली येतो.
वरच्या सळ्या जराशा खचतात, शेजारणींवर रेलतात,
त्या खांदा देतात,
आणि कुणी न बांधलेली एक कमान
पोकळीवर उभी राहते.
दोन मिलिमीटर. तीन.
मग कमान थकते, भार परत येतो,
माथ्यावर खळगी पडते, बशीएवढी.

हिरामात्सुसान एक पाऊल मागे सरतात.
कमरेएवढ्या डोंगरापासून. रोज.

नंतर मी पट्ट्या घालू लागले,
ट्रेसिंग पेपरच्या, थराथरांतून.
छताच्या वर, सरळ उभ्या घातल्या, पुस्तकात असतात तशा.
डोंगर पडला आणि पट्ट्याही त्याच्याबरोबर पडल्या, ताठच्या ताठ.
"आम्हीही अशाच ठोकल्या होत्या," ते म्हणाले.
कुठे, ते मी विचारलं नाही. त्या बोगद्याचं नाव ते घेत नाहीत.
तिघं होते एवढं माहीत आहे,
आणि त्यांतला यासुहिको
विसरलेला डबा आणायला परत आत गेला होता.

गुरुवारी ते म्हणाले, "आज एक माझा."
खालून तिसऱ्या बोटावर त्यांनी नुसत्या बारीक सळ्यांचा थर दिला,
तिथली माती तशीच होती म्हणे, ओली, साबणासारखी.
पट्ट्या उभ्या. स्क्रू मी फिरवला.
अडीच मिलिमीटर.

सगळं पुन्हा रचलं, जेवायलाही न जाता.
या वेळी पट्ट्या तिरक्या,
फळीच्या दोन्ही कडांपासून बाहेर पसरलेल्या,
जिथून डोंगर फाटतो ती रेघ ओलांडून जाणाऱ्या.
अडीच. चार. सहा.
खळगी पडली, पण बोट फिरवल्याशिवाय कळेना.
सातव्यावर स्क्रू संपला.

मी सांगायला हवं होतं ते सांगितलं:
माप घटवलं की वजन घटतं, मातीचा चिकटपणा तसा घटत नाही,
पाणी तर आपण घेतलंच नाही,
यावरून त्या रात्रीबद्दल काही म्हणता येत नाही.
"माहीत आहे," ते म्हणाले.
"हा आज पाडू नका."

नाही पाडला.

सकाळी टेबल दुसऱ्या कुणाच्या नावावर होतं.
आले तेव्हा ते आधीच स्टुलावर बसलेले,
वरून एकेक सळी उचलत होते,
आणि दोन बादल्यांत टाकत होते:
जाड वेगळ्या, बारीक वेगळ्या.
असं कुणी करत नाही.
दुपारी त्या पुन्हा मिसळायच्याच असतात.