बनात

या टेबलाला भोकं नाहीत.
इथे काही गिळलं जात नाही.
तीन चेंडू, पांढरा, पिवळा, लाल,
चूक झाली की तिथेच बसून राहतात
आणि तुमच्याकडे बघतात.

मी बनात बदलणारा माणूस.
लीर, तुर्नहाउट, मेखेलेन, कधी पार ओस्टेंडपर्यंत.
व्हॅनमध्ये गुंडाळी, पक्कड, दोन इस्त्र्या,
आणि योहानाने भरून दिलेला थर्मास.
टेबलाची दगडी पाटी आतून कोमट ठेवलेली असते.
ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा
तसा मी तिच्यावर तळहात ठेवतो,
मग ओढतो, ताणतो, ठोकतो.
एक सुरकुती राहिली तर वर्षभर शिव्या माझ्या नावाने.

नियम सांगायला सोपा.
आपल्या चेंडूने उरलेल्या दोघांना भेटायचं,
पण दुसऱ्याला भेटण्याआधी
तीनदा कठड्याला डोकं लावून यायचं.
तो हाताच्या अंतरावर असला तरी.
शेजारच्या घरी जायला गावाला वळसा.
माझा बाप म्हणायचा, रिकामटेकड्यांचा खेळ.
त्याने तेर्लिंकला पाहिलं नव्हतं.

हेरविन तेर्लिंक आधी अँटवर्पला ट्राम चालवायचा.
रुळांचा कंटाळा आला, म्हणतो.
माझ्या नव्या बनातीवर पहिला फटका मारतो,
चेंडू कुठे थांबला ते बघतही नाही,
वळून मला सांगतो,
"लांब जातंय. अर्धा ठिपका."
ठिपका म्हणजे कडेच्या लाकडात बसवलेला शिंपल्याचा मणी.
तरुण पोरं ते मणी मोजतात, बेरीज-वजाबाकी पुटपुटतात.
तेर्लिंक मोजत नाही असं नाही.
गवंडी ओळंबा सोडतो आणि तरी एक डोळा मिटतो,
तेवढंच.

शनिवारी समोर सोलहून आलेला ग्वाक होता.
बावीस वर्षांचा, इस्त्रीचं जाकीट, नखं स्वच्छ.
त्याने सलग नऊ गुण असे घेतले
की पंच आकडा म्हणायला विसरला.
सातव्याला एवढी फिरकी
की कठड्याला लागून चेंडू जागच्या जागी घुमला,
घरी काही विसरल्याचं आठवावं तसा,
आणि उलटा निघाला.
तेर्लिंकने खुर्चीत बसूनच
काठीचा बुंधा फरशीवर आपटला. दोनदा.
एवढं कौतुक मी लग्नातही ऐकलेलं नाही.

मग त्याची पाळी.
क्लॉस होणार हे बारखालच्या कुत्र्यालाही कळत होतं.
क्लॉस म्हणजे वाटेत, नको तिथे, दोन चेंडू भिडतात
आणि सगळं ओमफस.
तो वाकला. उठला. खडू लावला. परत वाकला.
पांढरा लालला लागला,
पहिला कठडा.
परतणारा लाल त्याच्या वाटेत आला
आणि अरुंद जिन्यावर माणूस अंग चोरतो
तसा बाजूने सरकून गेला.
दुसरा.
तिसऱ्याशी पोचेपर्यंत पांढऱ्यातला जीव संपत आलेला.
आम्ही सगळे पुढे झुकलो,
जणू आमच्या वजनाने टेबल कललं असतं.
पंचाने कान खाली नेला.
लागला.
साखरेचा खडा बशीत ठेवावा एवढा आवाज.

शेवटी तो हरलाच. चाळीस-सदतीस.
ग्वाकने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला, कमरेत वाकला.
तेर्लिंक म्हणाला, बिअर घेतोस का.

रात्री बनात उतरवताना मी दिवा खाली ओढला.
जोराच्या फटक्यांचे पांढरे चट्टे जिथे तिथे.
ग्वाकचा चेंडू घुमला तिथे भाजल्यासारखा डाग.
मग तो एक फटका शोधला,
कुठून निघाला, कुठे टेकला, बोट फिरवत, गुडघ्यावर बसून.
काही नाही.
फक्त एका जागी खडूची निळी भुकटी,
तीन बोटं आणि तळहाताची कड,
त्याने डावा हात टेकवला होता तेवढी.

तो तुकडा कापून खिशात घातला.
सकाळी योहाना म्हणाली, हे काय,
धुवायला टाकू?